म्हाळसाअक्काचे पांढरे बूट

माझी धाकटी लेक रेखा पोलीस भरतीसाठी पळायचा सराव करते. गेल्या महिन्यात ती गुलबर्ग्याहून नवे बूट घेऊन आली. त्या बुटांना नेहमीची लेस नव्हती. रबरासारखी ताणणारी बारीक दोरी होती. ती एकदा ओवून पक्की केली की रोज बांधायची, सोडायची भानगड नाही. पाय सारला की बूट बसतो. "आई, हे नवीनच निघालंय, दुकानदार सांगायलता," असं म्हणत तिनं उभ्या उभ्या बूट घालून दाखवले.

मला हसू आलं. "कामून हसायलीस?" म्हणून ती मागे लागली. मला असं पटकन सांगता येत नाही. चारचौघांत तर नाहीच, पण घरात लेकीपुढंसुद्धा मोठी गोष्ट सांगायची म्हटलं की जीभ जड होते. चौथीपर्यंत शाळा झाली, म्हणून लिहायला येतं, आणि लिहिताना कुणी आपल्या तोंडाकडं बघत नाही. म्हणून लिहिते. ते बूट नवीन नाहीत. रेखा रांगत होती त्या वेळी मी तसे बूट रोज पाहिलेत. म्हाळसाअक्काच्या पायात.

म्हाळसाअक्का मन्नाएखेळ्ळीजवळच्या वाडीवरची, धनगराची. उंच, मोठ्या हाडाची, कपाळावर हिरवं गोंदण. चालायची तेव्हा पुढं मेंढरं असल्यासारखी चालायची. नजर लांब, पाऊल एका मापाचं, आणि वाटेत कुणी आडवं आलं की तोंडानं "हुर्र" करायची. माणूस आहे की मेंढी हे बघायची नाही. पुढं आम्ही दोघी एका कंपनीत कामाला लागलो, तिथल्या बोळातसुद्धा ती पोरींना हुर्र करायची आणि पोरी खरंच बाजूला व्हायच्या. मेंढरांशी ती कानडीत बोलायची, माणसांशी मराठीत आणि साहेबांशी हैदराबादी उर्दूत. मेंढरांना मराठी का नाही, असं कुणीतरी विचारलं तर म्हणाली, "त्यांला मराठी आली तर मी काय काय बोलते ते समदं कळंल की."

तिच्या डाव्या हाताची चार बोटं तुरीच्या मळणी यंत्रात गेली होती. अंगठा तेवढा राहिला होता. त्या अंगठ्याला ती पाटील म्हणायची. "चार जण गाव सोडून गेले, हा पाटील राखणीला राहिला," असं ती नव्या माणसाला आपणहून सांगायची, म्हणजे त्यानं चोरून बघत बसू नये. चहाची बशी ती त्या अंगठ्यावर आणि तळव्यावर तोलून धरायची आणि एक थेंब सांडायची नाही. एखादं काम अडलं तर "जमत न्हाई" हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही. ती म्हणायची, "बगायले अजून."

हाताच्या दवाखान्यापायी निम्मी मेंढरं विकली गेली. उरलेली घेऊन नवरा रानोमाळ फिरायचा. घरच्यांनी हिला सांगितलं, आता तू बसून खा. त्याचा तिला राग होता. "बसून ऱ्हायले तर ह्यो पाटीलबी कंटाळून जाईल," म्हणायची.

त्या वेळी हायवेच्या कडेला नव्या कंपन्या निघायला लागल्या होत्या. हुमनाबादकडं गोळ्या-औषधांची एक कंपनी निघाली आणि पॅकिंगला बायका घ्यायच्या होत्या. आमच्या गल्लीतून मी गेले, माझ्या घरच्यांनीच ढकललं म्हणून. फाटकाशी रांग होती. रेड्डी साहेब म्हणून सुपरवायझर होते, ते प्रत्येकीला दोन्ही हात पुढं करायला सांगत होते. नखं, जखम, खरूज बघायला. माझ्या पुढं म्हाळसाअक्का. मला वाटलं, ही पदराआड हात लपवेल. तिनं दोन्ही हात पुढं केले.

"उजवा पुरा है साहेब. डावे का पाटील है," ती म्हणाली.

साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी विचारलं, "काम कैसा करते अम्मा?" तिनं शेजारच्या टेबलावरचा कोऱ्या खोक्यांचा गठ्ठा डाव्या कोपरात दाबला, उजव्या हातानं एकेक खोकं उघडून उभं करत गेली. साहेब जरा वेळ बघत राहिले. म्हणाले, "दिवाळी तक देखेंगे." म्हणजे तोपर्यंत कच्ची. दिवाळीला ठरणार, ठेवायची की काढायची.

मी तिच्या शेजारच्या जागेवर बसायला लागले. मी बोलत नाही हे बघून तिनं माझं नावच ठेवलं, मुकी. "ए मुके, खोकं दे." मला राग आला नाही. तिच्या तोंडून ते लाडाचं वाटायचं.

आता बुटांचं सांगते. पॅकिंगच्या हॉलच्या दारात गुडघ्याएवढा एक आडवा कट्टा होता. बाहेरची चप्पल कट्ट्याच्या अलीकडं काढायची, कट्ट्यावर बसायचं, पाय पलीकडं फिरवायचे आणि कंपनीनं दिलेले पांढरे कापडी बूट घालायचे. उघडा पाय आतल्या फरशीला लागता कामा नये. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात पांढरा झगा. शनिवारी हे सगळं बुटांसकट धुवायला घरी न्यायचं. पाणी प्यायला जायचं, बूट सोडा. परत आलं, बूट बांधा. जेवण, तसंच. बाथरूम, तसंच. दिवसभर बांधणं आणि सोडणं. घंटा झाल्यावर जी कट्ट्यावर राहील तिच्या नावापुढं उशिराची खूण व्हायची.

आमच्यातल्या निम्म्या बायकांनी जन्मात बूट घातले नव्हते. पण दोन हात असले की लेस बांधायला शिकता येतं. म्हाळसाअक्काला एका हातानं, तेही पाय अधांतरी धरून, गाठ मारता येईना. एक पदर पाटलाखाली दाबायची, दुसरा उजव्या हातानं फिरवायची, आणि फास बसायच्या आधी पाटलाखालचा पदर निसटायचा. मग आम्ही शेजारच्या पोरी बांधून द्यायला लागलो.

त्यात एक भानगड होती. आमच्याकडं मोठ्या माणसाच्या पायाला हात लागला की तो हात कपाळाला लावायचा, नमस्कार करायचा, आणि मोठ्यानं आशीर्वाद द्यायचा. आम्ही वयानं लहान. बूट बांधला की नमस्कार. ती बिचारी दर वेळी "सुखी ऱ्हा" म्हणायची. दिवसातून कितीदा तरी. एकदा मी वाकले तर वैतागून म्हणाली, "मुके, आता पुरं कर. आशीर्वाद काय ताक हाय का, पाणी घालून वाढवायला? खऱ्या येळंला घट्ट उरायचा न्हाई."

पोरी हसल्या. ती पण हसली. पण मी शेजारी बसायची, मला दिसायचं. कुणी पायाशी वाकलं की तिचा जबडा आवळायचा. मेंढरामागं एकटीनं कोसचे कोस चालणारी बाई ती.

पावसाळ्यात पार्वतीबाई कामाला आल्या. पार्वतीबाई म्हणजे म्हाळसाअक्काच्या लेकीची सासू, राजेश्वर गावच्या. त्यांच्या गावाकडून कंपनीचा टेम्पो सुरू झाला होता. लेक भागू त्यांच्या घरी नांदत होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लग्नात म्हाळसाअक्कानं रीतीप्रमाणं ह्याच पार्वतीबाईंचे पाय परातीत धुतले होते. विहीण कामाला आली म्हटल्यावर म्हाळसाअक्का आपल्या डब्यातलं कालवण आधी त्यांच्यापुढं ठेवायची, त्या बसल्याशिवाय बसायची नाही.

एक दिवस जेवणाची सुट्टी संपत आली होती. आम्ही पोरी पुढं गेलो होतो. म्हाळसाअक्का कट्ट्यावर एकटीच लेसशी झगडत होती. पार्वतीबाई आल्या. बाई मनानं साधी. "उशीर व्हायलाय विहीणबाई, सरका," म्हणाल्या आणि खाली वाकून त्यांनी लेस बांधली. दोन्ही पायांची.

मी मागं वळले तेव्हा बांधून झालं होतं. हॉलच्या दारात बायका उभ्या राहून बघत होत्या. म्हाळसाअक्काचा चेहरा राखेसारखा झाला होता. वरमाईनं पोरीच्या आईच्या पायाला हात लावला. पार्वतीबाईंच्या तर ध्यानातसुद्धा नव्हतं. "चला की," म्हणून त्या आत निघून गेल्या.

त्या रविवारी म्हाळसाअक्का राजेश्वरला गेली आणि मला बरोबर घेऊन गेली. नारळ, खण, साखर घेतली होती. अंगणात तिनं पार्वतीबाईंना पाटावर बसवलं, परात मागवली आणि एका हातानं पाणी घालून पुन्हा त्यांचे पाय धुतले. पार्वतीबाई "अवो असू द्या, असू द्या" म्हणत होत्या. पण त्यांची नणंद दारात उभी होती, ती गप्प बसणारी नव्हती.

"आमच्यात वरमाईचे पाय धुत्यात," ती म्हणाली. "तुमच्यात वरमाईकडून बूट बांधून घेत्यात व्हय?"

भागू चुलीपाशी होती. तिनं मान खाली घातली ती वर केली नाही. म्हाळसाअक्कानं पदरानं पार्वतीबाईंचे पाय पुसले, उठली आणि म्हणाली, "चूक झाली अक्का. पुन्हा व्हायची न्हाई."

परत येताना टेम्पोत तिनं ओला पदर मांडीवर पसरला. मग म्हणाली, "मुके, उद्यापासनं माझ्या बुटाला कुणी हात लावायचा न्हाई. तूबी न्हाई. माझ्या पायापायी लेकीनं मान खाली घालायची न्हाई." मला वाटलं, ही काम सोडणार. तिला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं. "आन् कंपनीबी सोडायची न्हाई मी," ती म्हणाली.

मी धीर करून विचारलं, "मग कसं, अक्का?"

"बगायले अजून."

पहिल्यांदा तिनं लेस न बांधताच आत खोचायला सुरुवात केली. पायरीवर बूट मागं राहिला आणि ती खोक्यांसकट पुढं गेली. रेड्डी साहेब धावत आले. "अम्मा, लेस बांधो. गिर गए तो मेरे ऊपर आता." तिनं बिनलेसचे बूट मागितले. साहेब म्हणाले, कंपनी सगळ्यांना एकच माल देते, दुसरा कुठून आणू. ते खोटं बोलत नव्हते.

मग तिनं घरची विद्या काढली. धनगराच्या घरात लोकर असते. तिनं काळी लोकर घेतली, मांडीवर तळव्यानं वळून बारीक सूत केलं, दुपदरी पीळ दिला आणि त्याच्या लेसा केल्या. लोकरीच्या दोरीला थोडी ओढ असते, ताणली की जरा वाढते. ती दोरी बुटात सैलसर ओवून पक्की केली. पाय ढकलला की जायचा. सोमवारी ती कट्ट्यावर माझ्या आधी उठली आणि माझ्याकडं बघून भुवई उडवली. पांढऱ्या बुटावर काळ्या लेसा, पण झग्याखाली कोण बघतंय.

त्याच आठवड्यात, शनिवारी, हॉलमध्ये आरडाओरडा झाला. गोळ्यांच्या खोक्यात केस सापडला होता. काळा, आखूड, कुरळा. औषधाच्या कंपनीत ही मोठी गोष्ट. काम थांबलं. रेड्डी साहेब एकेकीची टोपी तपासत आले आणि रुक्सानापाशी थांबले. रुक्साना आमच्यातली सगळ्यात लहान, कुरळ्या केसांची, टोपीतून दोन बटा कायम बाहेर. साहेबांनी तिला बाजूला उभं केलं. ती रडायलाच लागली. "मेरा नई साब, अल्ला कसम मेरा नई."

म्हाळसाअक्का जागेवरून उठली. साहेबांच्या हातातला कागद तिनं जवळून पाहिला, त्यावर तो केस होता.

"उस पोरी को छोडो साहेब," ती म्हणाली. "ये मेरे मेंढी का है."

सगळ्या बायका हसायला लागल्या. साहेब हसले नाहीत. "मेंढी इदर कैकू आई अम्मा?"

तिनं झगा वर धरून बूट पुढं केला. साहेबांनी खाली वाकून पाहिलं. लोकर झडून बुटाभोवती बारीक लव पसरली होती. मग हसणाऱ्या बायका गप्प झाल्या, कारण त्या दिवसाचं सगळं पॅकिंग पुन्हा उघडावं लागणार होतं. म्हाळसाअक्का म्हणाली, मी एकटी उघडते, बाकीच्यांना घरी सोडा. साहेब म्हणाले, नक्को, सगळे करतील. आम्ही सगळ्यांनी ते काम केलं आणि बायकांनी तिला जे बोलायचं ते बोलून घेतलं. एकजण म्हणाली, "हिचे बूट सांभाळायला आमी हाव का हितं?" तिनं ऐकून घेतलं. रुक्साना मात्र तिच्या टेबलाला येऊन बसली आणि शेवटपर्यंत तिथंच खोकी उघडत राहिली.

जाताना साहेबांनी तिला थांबवलं. आवाज चढवला नाही. "अम्मा, सोमवार को कंपनी का लेस बांध के आओ. नई तो मत आओ. मैं क्या करूं?"

"हौ साहेब," ती म्हणाली.

आम्ही कट्ट्यावर बसून बूट काढत होतो. मी तिच्याकडं बघत नव्हते, मला वाटलं रडत असेल. मग टक्, टक् असा आवाज यायला लागला. पाहिलं तर ती डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन बसली होती. टोपीच्या कडेला इलास्टिक होतं. त्याचा एक काठ पाटलाखाली दाबून ती दुसरा ओढत होती आणि सोडत होती. ओढत होती आणि सोडत होती.

"मुके," ती म्हणाली, "ही टोपी मी रोज एका हातानं घालते. कुणी बांधून देत न्हाई. डोकं काय पायापेक्षा शाणं हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, बाजारात आम्ही सुया-बांगड्या विकणाऱ्या बाईकडं गेलो. चपटं इलास्टिक बुटाच्या भोकातून जाईना. मग म्हाळसाअक्कानं गोल, बारीक, पांढरं निवडलं, ब्लाऊजच्या बाहीला लावतात तसलं. विकणारीला ती पुन्हा पुन्हा ओढून दाखवायला लावत होती. शेवटी ती बाई म्हणाली, "अगं माय, बाहीला नेयलीस का बैलाला?"

"पायाला," म्हाळसाअक्का म्हणाली.

"पायाला कुणी इलास्टिक घालतंय व्हय?"

"आजपासनं."

त्याच दुपारी तिच्या अंगणात मी बसले होते. तिनं इलास्टिकचं टोक दिव्यावर धरून जरा वितळवलं, बोटानं वळून टोकदार केलं, म्हणजे भोकातून सरळ जाईल. बूट दोन गुडघ्यांत धरला. माझा हात आपोआप पुढं गेला. तिनं त्यावर चापट मारली. "हात ठेव खाली." मग ओवता ओवता जे बोलली ते मला अजून आठवतं. "बूट पायात असला की त्येला दोन हात लागत्यात. मांडीवर घेतला की एक पुरतो, वरती दात हायतच. म्हंजी बांधायचं ते मांडीवर, एकदाच. पायात नुसतं घालायचं." शेवटची गाठ तिनं दातानं आवळली आणि बुटाच्या जिभेखाली आत दडवली, वरून दिसू नये म्हणून.

पहिल्यांदा फार घट्ट झालं. घालून ती अंगणात फिरली, पाय काढला तर वरती दोरीचे लाल वळ. सोडून सैल केलं, तर बूट टाचेतून निघाला. मग मधलं एक भोक सोडून ओवलं. मग डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे हे तिच्या ध्यानात आलं, तो वेगळ्या मापानं ओवला. दुपार कलली, मेंढरं परत आली, कोकरं ओरडायला लागली, तिनं बघितलं नाही. बूट घालताना मागची कड आत मुडपत होती. त्यावर तिला इलाज सापडला तेव्हा ती मोठ्यानं हसली. डावा अंगठा टाचेमागं घालायचा आणि पाय खाली दाबायचा, की टाच घसरून आत. "बग," ती म्हणाली, "पाटलाला काम मिळालं."

मग ती वाडीच्या टेकडीवर चढली आणि उतरली. पळत उतरली. ह्या वयाची बाई लुगडं खोचून पांढऱ्या बुटात पळते म्हटल्यावर वाडीतली पोरं मागं लागली. बूट पायातून हलला नाही.

सोमवारी रेड्डी साहेब कट्ट्यापाशीच उभे होते. म्हाळसाअक्का बसली, पाय फिरवले, बुटात सारले, पाटील टाचेला लावला आणि उभी राहिली. साहेबांना लेस कुठं बांधली ते दिसेना.

"ये क्या है अम्मा?"

"लेसच है साहेब. सिर्फ बांधनेका नई."

त्यांनी वाकून इलास्टिक ओढून बघितलं. सोडल्यावर ते टक् करून बसलं. "बाल गिरते इसका?"

"रबर को कां के बाल?"

"धुते?"

"हौ. बूट के साथ."

साहेब म्हणाले, चलो. ती चालली. भरलेली खोकी घेऊन जिना चढायला सांगितलं, ती चढली आणि उतरली. मग त्यांनी बूट काढून पुन्हा घालायला लावले. आम्ही सगळ्या कट्ट्यावर खोळंबून बघत होतो. घंटा होऊन गेली होती आणि कुणाच्याच नावापुढं खूण झाली नाही. साहेब हॉलकडं बघत जरा वेळ उभे राहिले. मला आता वाटतं, तेही नोकर माणूस, वरून कुणी विचारलं तर काय सांगायचं ह्याचाच विचार करत असतील. शेवटी म्हणाले, "ठीक है. मगर दूसरों को नक्को सिखाओ."

म्हाळसाअक्कानं कुणाला शिकवलं नाही. पण डोळे सगळ्यांना होते. रुक्सानानं पहिल्यांदा केलं. मग दिवस गेलेली एकजण होती, तिला वाकवत नव्हतं, तिनं केलं. दसऱ्यापर्यंत बाजारातल्या त्या सुया-बांगड्यावालीकडचं गोल इलास्टिक संपलं. रेड्डी साहेब कट्ट्याकडं बघायचेच नाहीत. दिवाळीला म्हाळसाअक्का कायम झाली. तिनं सगळ्यांना खव्याचे पेढे दिले आणि मला दोन.

एक दिवस जेवताना पार्वतीबाई तिच्याजवळ सरकल्या. त्यांची कंबर धरत होती. हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, माझ्याबी बुटाला तेवढं घालून देता का?" म्हाळसाअक्काचा घास हातातच राहिला. मग तिनं हात धुतला, पार्वतीबाईंचे बूट कट्ट्यावरून उचलून आणले, पदरानं पुसले आणि सगळ्यांच्या देखत मांडीवर घेऊन ओवायला बसली. पोरीच्या आईनं वरमाईचे बूट मांडीवर घेतले. ह्यात कुणाला बोट ठेवायला जागा नव्हती. ओवून झाल्यावर पार्वतीबाईंनी पाय घालून बघितले आणि म्हणाल्या, "आता घरी जाऊन त्या नणंदंला दावते." पुढं कधीतरी भागू माहेराला आली तेव्हा मी तिला पाहिलं. मान वर करून, मोठ्यानं हसत होती.

कंपनी काही वर्षं चालली. मग पॅकिंगचं काम हैदराबादकडं नेलं. कुणी तिकडं गेलं, कुणी पुण्याला, रुक्साना लग्न होऊन झहीराबादला गेली. आम्हाला टोपी, झगा, बूट परत द्यायचे होते. म्हाळसाअक्कानं कट्ट्यावर बसून दोन्ही बुटांतलं इलास्टिक काढून घेतलं. कंपनीच्या मूळ लेसा तिनं इतकी वर्षं चिंधीत गुंडाळून ठेवल्या होत्या. त्या तिनं बुटांत नीट ओवल्या आणि बूट साहेबांच्या टेबलावर ठेवले. लेसांची टोकं तशीच मोकळी लोंबत होती. रेड्डी साहेबांनी ती बघितली. म्हणाले, "बांधे नई अम्मा?"

"वो मेरा काम नई साहेब," ती म्हणाली, आणि दोघंही हसले.

नंतर फार वर्षं भेट नाही. ती वाडीवर, मी संसारात. शेवटची दिसली ती दोन-तीन वर्षांमागं. मी बसनं हुमनाबादहून येत होते. हायवेचं रुंदीकरण चाललं होतं, सगळीकडं खडी. मन्नाएखेळ्ळीच्या अलीकडं बस थांबली. मेंढरं रस्ता ओलांडत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि मेंढरं आपल्या चालीनं चालली होती. त्यांच्या मागं ती. केस पांढरे झालेले, काठी काखेत, उजव्या हातावर नुकतं जन्मलेलं कोकरू. पायात बाजारातले साधे कापडी बूट, त्यांत गोल इलास्टिक.

मधोमध रस्त्यात तिच्या बुटात खडा गेला असावा. ती थांबली. एका बुटाच्या टोकानं दुसऱ्याची टाच दाबली, पाय बाहेर काढला, बूट पायाच्याच बोटांत धरून उलटा केला, झटकला. पुन्हा खाली ठेवून पाय सारला. कोकरू हातावरून हललं नाही. हॉर्न वाजतच होता. मागं मुडपलेली कड तिनं वाकून डाव्या अंगठ्यानं सरळ केली, वर बघितलं आणि खिडकीत मी दिसले.

मला हाक मारायची होती. ती माझ्या घशातच राहिली. तिला ते माहीत होतं. तिनं डावा हात वर केला, त्या हातावर पाटील तेवढा उभा होता. मग ड्रायव्हरकडं बघून हुर्र केलं आणि मेंढरांमागं निघाली.